दार बदलणारं बंदर

फार पूर्वी एका खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं, आणि त्या बंदराला एक वाईट खोड होती. दर पावसाळ्यात ते आपलं दार बदलायचं.

दार म्हणजे समुद्रातून खाडीत शिरायची खोल पाण्याची वाट. खाडीच्या तोंडावर, पाण्याखाली, वाळूचा लांबच लांब दांडा पसरलेला होता. त्या दांड्यातून एकाच ठिकाणी मचवा, म्हणजे मोठी होडी, जाईल एवढी वाट असायची. पावसाळ्यात नदीला पूर यायचा, समुद्र खवळायचा, आणि दोघं मिळून वाळूची अशी काही उलथापालथ करायचे, की गेल्या साली जिथून मचवे गाणी म्हणत आत यायचे, तिथे यंदा गुडघाभर पाणी! नवी वाट कुठे पडली ते कुणालाच ठाऊक नसे. खुणेचे बांबू रोवावेत, तर पहिल्याच उधाणात ते वाहून जात. मग कुणाचा तरी मचवा दांड्यावर चढायचा, फुटायचा, आणि बाकीचे शहाणे व्हायचे. दर साली कुठलं तरी एक घर त्या शहाणपणापायी रडायचं.

बंदराच्या डोक्यावर उंच टेकडी होती. तिथे राजाने अभ्यासकांसाठी प्रशस्त अभ्यासगृह बांधून दिलं होतं. कुणी ताऱ्यांचा अभ्यास करी, कुणी वाऱ्यांचा. एक बाई मात्र वाळूचा अभ्यास करायच्या. शेजारचे ताऱ्यांचे पंडित त्यांची चेष्टा करत, "एवढं आकाश मोकळं पडलंय, आणि बाई बघतात चिखल!" बाई हसून सोडून द्यायच्या. तरुणपणी त्या टेकडीवर आल्या, खिडकीत बसून त्या दांड्याकडे बघू लागल्या, आणि बघता बघता केस पिकले.

पण त्या बघण्यातून त्यांना जे दिसलं, ते खरोखर थक्क करणारं होतं. नदी डोंगरातून तांबडी वाळू आणते. समुद्र शंख-शिंपल्यांचा चुरा करून पांढरी वाळू आणतो. नदी तांबडी वाळू बाहेर ढकलते, समुद्र पांढरी आत ढकलतो, आणि जिथे दोघांचा जोर सारखा होतो तिथे कुठल्याच वाळूला बूड टेकता येत नाही. तिथलीच वाळू सतत उचलली जाते आणि तिथेच खोल वाट राहते. भर दुपारी टेकडीवरून पाहिलं, की तेवढाच एक गडद निळा पट्टा समुद्रातून खाडीत आलेला दिसे. ज्या दिवशी बाईंना हे उमगलं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. एवढा मोठा समुद्र, एवढी मोठी नदी, आणि त्यांच्या भांडणातून माणसांसाठी राहिलेली ही एवढीशी वाट!

आता हे बंदरातल्या लोकांना सांगायला हवं. त्यासाठी बंदराचा एक रिवाज होता. नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ वाहून झाला आणि मचवे सुटायची तयारी सुरू झाली, की बंदराच्या कचेरीत टेकडीवरच्या विद्वानांचं व्याख्यान व्हायचं. बाई पालखीतून खाली यायच्या. कचेरीच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली असे. पुढच्या रांगेत कारभारी, मागे तांडेल मंडळी. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य, त्याच्या शब्दावर मचवा चालतो. बाई तांबड्या वाळूचं सांगायच्या, पांढऱ्या वाळूचं सांगायच्या, यंदा निळा पट्टा कुठून कुठे गेलाय ते सांगायच्या. सगळे माना डोलवायचे. मग कारभारी बाईंना शाल आणि श्रीफळ द्यायचे, टाळ्या व्हायच्या, बाई पालखीत बसायच्या, आणि मचवे जिथून वाटेल तिथून समुद्रात जायचे.

असं साल-दरसाल चाललं होतं. बाईंच्या पेटीत शालींची चळत लागली होती. दांड्यावर मचवे फुटायचे ते फुटतच होते.

एका साली, व्याख्यान होऊन थोडेच दिवस झाले होते. बाई खिडकीत बसल्या होत्या. ऊन स्वच्छ होतं, निळा पट्टा लख्ख दिसत होता. एक मचवा भरतीबरोबर परत येत होता. बाईंनी पाहिलं, तो पट्ट्याच्या बराच अलीकडून येतोय. त्या खिडकीतूनच ओरडल्या, "अरे, तिकडून नको! तिकडून नको!" टेकडीवरून तो आवाज कुणाला जायला! मचवा दांड्यावर चढला. लाटेने त्याला आडवं केलं. पोहत पोहत माणसं किनाऱ्याला लागताना बाईंना दिसत होती. सगळी लागली नाहीत.

बाईंना आधी भयंकर राग आला. इतकं समजावून सांगितलं, तरी? माना कशाला डोलवता मग? पालखीची वाट न बघता त्या तरातरा पायीच टेकडी उतरल्या आणि कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या.

कारभारी सज्जन होते. ते कळवळून म्हणाले, "बाई, फार वाईट झालं. पण तुमच्या व्याख्यानात काही कमी नव्हतं हो. आम्ही तर तुमच्या अभिनंदनाचा ठरावसुद्धा केलाय."

"ठराव?" बाई म्हणाल्या. "आणि वाट?"

बाई तिथून किनाऱ्यावर गेल्या. फुटलेल्या मचव्याच्या फळ्या वाळूत पडल्या होत्या. त्याचा तांडेल तिथेच गुडघ्यात मान घालून बसला होता. जे परत आले नव्हते, त्यात त्याचा धाकटा भाऊ होता.

बाईंचा राग तिथे जागच्या जागी विरला. त्या त्याच्याजवळ वाळूत बसल्या. त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही व्याख्यानाला होतात ना? निळ्या पट्ट्याचं मी सांगितलं होतं."

तांडेलाने मान वर केली. "व्हतो बाय. तुमचं बोलनं खोटं नाय. पन तो निळा पट्टा आमाला कदी दिसलाच नाय."

"दिसला नाही? एवढा मोठा?"

"तुमाला वरसून दिसतो. आमी पान्यावर. आमाला फक्त चकाकतं." त्याने समुद्राकडे हात केला. "एकदा मचव्यावर येऊन बगा, बाय."

टेकडीवरचं कुणी माणूस आजवर मचव्यावर चढलं नव्हतं. बाईंना पोहता येत नव्हतं, आणि लाटेची तर दुरूनसुद्धा भीती वाटायची. परत टेकडीवर जाऊन पुढच्या साली जरा मोठ्या आवाजात व्याख्यान द्यावं, तर कुणी नाव ठेवलं नसतं. शालही मिळाली असती. बाई त्या फळ्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधी निघायचं?"

तांडेलाने भावाचे दिवस केले, नातलगाचा मचवा मागून घेतला, आणि बाई त्यात बसल्या. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट खालून आली आणि मचव्याला तिने असं अलगद उचललं, की बाई बसल्या जागी मागे कलंडल्या. उभा जन्म ज्याच्याकडे पाहिलं, तो समुद्र हा नव्हताच. टेकडीवरून तो पसरलेला दिसे, इथे तो उभा होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि त्यातून माणसं रोज जात होती, रोज येत होती! बाईंनी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

मग त्यांनी निळा पट्टा शोधला. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. सगळीकडे नुसती चकाकी. त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान टेकडीवरून खाली येता येता कुठे तरी गळून पडलं होतं. बाईंना हसूही आलं आणि रडूही.

"दिसला का, बाय?" तांडेलाने विचारलं.

"नाही हो. काहीच दिसत नाही. मग तुम्हाला इथे कळतं तरी कशावरून?"

"दोरीवरसून." तांडेलाने मचव्याच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बोट केलं. तिथे एक म्हातारा दोरीवाला उभा होता. त्याच्या हातात लांब दोरी होती आणि दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. तो गोळा पाण्यात सोडायचा, तळाला लागला की दोरी किती भिजली ते बघायचा आणि पाणी किती खोल आहे ते ओरडून सांगायचा. पण खोली कळेपर्यंत मचवा दांड्याला भिडलेला असायचा. गोळ्याच्या बुडाला खळगा होता, आणि त्यात चरबी भरलेली.

"ही चरबी कशाला?" बाईंनी विचारलं.

"तळाचं काय चिकटतंय ते बगायला," दोरीवाला म्हणाला. "काय नाय चिकटलं तर खडक. वाळू चिकटली तर वाळू. नांगर टाकायला बरं पडतं." आणि त्याने चरबीला चिकटलेली वाळू अंगठ्याने खरवडून सहज पाण्यात फेकून दिली.

"थांबा!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की वल्ही मारणारे थांबले. "पुन्हा टाका. आणि या वेळी फेकू नका."

दोरीवाल्याने पुन्हा गोळा सोडला, वर ओढला. बाईंनी तो मांडीवर घेतला. चरबीत नुसते तांबडे कण. मचवा जरा पुढे गेला, पुन्हा गोळा. तांबड्यात दोन-चार पांढरे. आणखी पुढे. तांबडे आणि पांढरे, अर्धे-अर्धे.

"आता खोली?" बाईंनी विचारलं.

दोरीवाल्याने दोरी सोडली. ती जात राहिली, जात राहिली. त्याने तांडेलाकडे पाहिलं. "तांडेल... दोरी संपली."

ज्याला बाई खिडकीतून निळा पट्टा म्हणत होत्या, तो त्यांच्या मांडीवर होता, चरबीत चिकटलेला, चिमूटभर. रोज तो या माणसांच्या हातात येत होता, आणि रोज ते त्याला समुद्रात फेकून देत होते. आणि बाईंना तरी कुठे ठाऊक होतं, की त्याला असं मुठीत धरता येतं!

त्या दिवसापासून बाई रोज मचव्यावर जाऊ लागल्या. वाटलं होतं तेवढं ते सोपं निघालं नाही. एकदा बाईंनी छातीठोकपणे "इथेच वाट!" म्हणून सांगितलं आणि मचवा वाळूला घासला. तांडेलाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बाय, ओहोटी हाय. ओहोटीला नदीचा गाळ सगळीकडं पसरतो. चढत्या भरतीला बगा." बाईंनी चढत्या भरतीला पाहिलं आणि ते खरं निघालं. टेकडीवर असताना भरती-ओहोटीचा एवढा बारीक विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

मग एक दिवस आभाळ भरून आलं. अंधारलं, पाऊस सुरू झाला, चरबीतल्या कणांचा रंगच दिसेना. बाई हताश झाल्या. नेमकी वादळातच वाट हवी, आणि वादळात रंग नाही!

दोरीवाल्याने चरबीतले कण नखाने उचलले आणि तोंडात टाकले.

"अहो, हे काय करताय?"

त्याने कण दाताखाली धरले. जरा चावले. "बाय, हा फुटला. शिंपलीचा हाय, समुद्राचा. अन् हा नाय फुटत. हा डोंगरातला." तो पावसात मिशीला चरबी लागलेली तशीच ठेवून हसला. "डोळ्याला नाय दिसत तर दाताला दिसतंय."

बाईंनीही मागचापुढचा विचार न करता चिमूट तोंडात टाकली. कचकच झाली, तोंड चरबीने बरबटलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी केस पांढरे केले, ती आज त्यांच्या दाताखाली फुटत होती.

आता सगळ्या मचव्यांना भरपूर चरबी हवी होती. बंदराच्या कोठारातून ती मोठ्या गलबतांनाच मिळायची; मचवेवाले कुठून तरी मिळवलेल्या थोडक्या चरबीवर भागवायचे. बाई पुन्हा कचेरीत गेल्या आणि भीत भीतच कारभाऱ्यांकडे त्यांनी चरबीचे डबे मागितले.

कारभारी चकित झाले. "एवढंच? मग आधी का नाही मागितलंत? इतकी वर्षं तुम्ही आम्हाला समजावून सांगत होतात, बाई. आम्हाला समजतही होतं. पण समजल्यावर करायचं काय, ते कधी तुम्ही सांगितलं नाहीत आणि आम्ही विचारलं नाही." त्यांनी त्याच दिवशी कोठार उघडायला सांगितलं, आणि बाई विचारात पडून बाहेर आल्या.

डबे वाटले गेले. पण डबा दिला म्हणजे विद्या दिली असं थोडंच होतं! बाईंच्या तांडेलाचा मचवा चुकायचा थांबला होता. बाकीचे मचवे चरबीचं काय करत होते, कोण जाणे. बाई एकेका वाडीत जायचं ठरवतच होत्या, तेवढ्यात ऐन हंगामात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वादळ आलं.

दुपारीच काळोख झाला. बंदराचे झाडून सगळे मचवे समुद्रात होते. बायका-पोरं किनाऱ्यावर धावली. बाई त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. वाऱ्याने उभं राहू देईना. समोर दांड्यावर लाटा फुटून पांढरी भिंत उभी राहिली होती, आणि त्या भिंतीपलीकडे सगळ्यांची माणसं. बाईंच्या मनात एकच विचार: एक मचवा येईल. बाकीच्यांना मी सांगितलंच नाही. मला उशीर झाला.

पहिला मचवा भिंतीतून बाहेर आला. तो त्यांच्याच तांडेलाचा होता. नाळेवर दोरीवाला वाकून उभा होता. बाईंना धड आनंदही होईना. त्या मागे बघत राहिल्या.

मग त्याच जागेतून दुसरा मचवा आला.

मग तिसरा. त्यामागे आणखी एक, आणि आणखी. कुणी अलीकडून नाही, कुणी पलीकडून नाही. चवताळलेल्या समुद्राने जेवढी वाट ठेवली होती, तेवढ्याच वाटेने, एकामागून एक. प्रत्येकाच्या नाळेवर एक माणूस वाकलेला, दोरी ओढणारा, तोंडात काही तरी टाकणारा आणि ओरडणारा, "मिसळ! मिसळ! चला सरळ!" बायका नावं घेऊन रडत होत्या, हसत होत्या. बाईंना मात्र ना रडता येत होतं ना हसता. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते. कुणी शिकवलं यांना? कधी? 'मिसळ' हा शब्द तर बाईंचा नव्हताच. त्यांनी व्याख्यानात ज्याला नदी-समुद्राच्या बलांचा समतोल म्हटलं होतं, त्याचं कुणी तरी कुठे तरी एका शब्दात मिसळ करून टाकलं होतं. ते ज्ञान विहिरीवर गेलं असेल, बाजारात मासळीच्या पाटीवरून गेलं असेल, लेकी सासरी गेल्या त्यांच्याबरोबर गेलं असेल. त्याला कुणी धाडलं नव्हतं, आणि ते सगळीकडे पोचलं होतं.

शेवटचा मचवा किनाऱ्याला लागला. तो खाडीपलीकडच्या वाडीचा होता. त्या वाडीत बाईंनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि त्या तांडेलाने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. बाई त्याच्याजवळ गेल्या.

"भाऊ, एवढ्या वादळात वाट कशी हो सापडली तुम्हाला?"

तो ओलाचिंब तांडेल त्यांच्याकडे पाहून जरा कीव आल्यासारखा हसला. "त्यात काय, आजी! वाळू चावून बगायची."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायला कोन पायजे? आमच्या वाडीत आज्या-पणज्यापासनं ठावं हाय हे."

बाईंचा तांडेल शेजारीच उभा होता. तो उसळला. "अरे, आज्या-पणज्या काय बोलतोस! हे तर आमच्या या बायनं..."

बाईंनी त्याचा हात घट्ट दाबला. क्षणभर त्यांच्याही ओठांवर आलं होतं. उभा जन्म खिडकीत घालवला होता, तो कुणाच्या तरी पणजोबाच्या नावावर गेलेला पाहून कुणाला टोचणार नाही? पण त्यांनी समोर पाहिलं. पलीकडच्या वाडीची सगळी माणसं वाळूवर उभी होती. कुणी पोराला उचलून घेतलं होतं, कुणी बायकोने दिलेल्या कोरड्या फडक्याने डोकं पुसत होतं. सगळी होती.

"मला शिकवाल?" बाईंनी त्या तांडेलाला विचारलं.

"तुमाला काय करायचंय, आजी?" असं म्हणत म्हणत का होईना, तो खाली बसला. त्याने शिशाचा गोळा उलटा केला, तांबडी कोणती, पांढरी कोणती, भरती कोणती, ओहोटी कोणती, सगळं मुळापासून समजावून सांगितलं. बाई मान डोलवत ऐकत होत्या. मग तो सहज म्हणाला, "अन् ऐका. मिसळीत काळा गाळ दिसला, तर वाट हाय, पन मरायला लागलीय. म्होरल्या सालला ती तिथं नसनार. ज्या अंगाला गाळ नाय, त्या अंगाला सरकनार."

बाई दचकल्या. वाट पडल्यावर ती ओळखणं निराळं, आणि ती कुठे पडणार हे सालभर आधी कळणं निराळं! टेकडीवर कुणाच्या स्वप्नातही हे आलं नव्हतं. यातलं खरं किती, हे समुद्रालाच विचारावं लागणार होतं. बाई ओल्या वाळूत फतकल मारून बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"तो काळा गाळ जरा दाखवा बघू," त्या म्हणाल्या. "आणि उद्या तुमच्या मचव्यावर मला जागा असेल का?"

तात्पर्य: ज्ञान सांगून पोचत नाही, ज्याला ते हवं, त्याच्या हातापर्यंत आपल्याला चालत जावं लागतं. आणि तो ते स्वतःचंच म्हणून आपल्याला शिकवू लागला, की समजावं, ते पोचलं.